एक खटला, तीन कोर्टं: नागपुरातून कायद्याच्या इतिहासावर संशोधन सुरू करताना

स्त्रिया आणि फौजदारी कायदा या विषयावर पीएच.डी. करायची असेल, तर पहिले सहा महिने सिद्धांतांच्या वाचनात घालवू नका. एक खटला घ्या आणि तो खालच्या कोर्टापासून वरपर्यंत वाचा.

विदर्भात त्यासाठी देसाईगंजचा खटला आहे: तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य, एआयआर 1979 एससी 185. (एआयआर म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, कोर्टांचे निकाल छापणारं नियतकालिक; ते नागपुरातूनच निघतं.) 26 मार्च 1972 च्या रात्री पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार होती. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने 1974 मध्ये दोघा पोलिसांना सोडलं, 1976 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा निर्दोष ठरवलं. पुरावा तिन्हीकडे तोच. कागदावर तीन रकाने आखा, जखमांचा उल्लेख प्रत्येक निकालात शोधा आणि त्याच्या लगेच पुढचं वाक्य उतरवून घ्या. धाकापुढे हतबल होणं म्हणजे संमती नव्हे, असं खंडपीठाचं म्हणणं. जखमा नाहीत म्हणजे प्रतिकार झाला नाही, हे सुप्रीम कोर्टाचं. संमतीचा सगळा वाद इथेच उभा आहे. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. 1983 मध्ये पुरावा कायद्यात कलम 114-अ आलं. कोठडीतला संभोग सिद्ध झाला आणि तिने संमती नाकारली, तर संमती नव्हती असंच कोर्टाने धरायचं.

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले. जुन्या खटल्यात बलात्कारासाठी भादंवि 376 च लिहा, नवा 64 तळटीपेत. पीडितेचं नाव प्रबंधातही छापू नका.

फक्त 376 शोधणाऱ्याच्या हाती थोडंच लागतं. गर्भपात, बालहत्या, जन्म लपवणं यांसाठी 312 ते 318 पाहा. विधवा तिथे सापडतात. व्यभिचाराच्या 497 मध्ये बाई आरोपीही नसे, फिर्यादीही नसे; 2018 मध्ये ते रद्द झालं.

हद्द तपासा. नागपूर हायकोर्ट 1936 ते 1956, त्याआधी ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट. वऱ्हाड मात्र 1903 पर्यंत हैदराबादच्या रेसिडेंटकडे (निजामाच्या दरबारातल्या ब्रिटिश प्रतिनिधीकडे) होतं, म्हणून 1890 चा अमरावतीचा खटला मध्य प्रांताच्या दफ्तरात शोधण्यात आठवडे वाया जातात.

छापील निकाल बहुतेक अपिलांचे असतात. साक्षी सत्र न्यायालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये, आणि मुदत संपलेले बस्ते (खटल्याच्या कागदांचे गठ्ठे) नष्ट केले जातात. म्हणून विषय मंजूर करून घेण्याआधीच बस्ता शिल्लक आहे का ते विचारा. पक्षकार नसाल तर नकलेच्या अर्जात संशोधनाचं कारण स्पष्ट लिहा.

बस्ता मिळाला की आधी मराठी जबानी वाचा. बाई ‘वाईट काम केलं’ एवढंच म्हणते. इंग्रजी निकालात त्याचा थेट कायद्याचा शब्द होतो. तिचे शब्द जसेच्या तसे, पान क्रमांकासह उतरवा. भाषांतर नंतर.