कॅरॅव्हॅनने घाट उतरताना आणि मुक्काम करताना या चुका टाळा

साताऱ्यात माझे गॅरेज आहे आणि अलीकडे तेथे कॅरॅव्हॅनची, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या गाड्यांची, कामे वाढत चालली आहेत. दिवाळीची सुट्टी किंवा कासचा फुलांचा हंगाम संपला, की ज्या गाड्या दारात येऊन उभ्या राहतात, त्यांतील बहुतेकींचे दुखणे मालकाने तोंड उघडण्यापूर्वीच लक्षात येते, कारण चुका दरवर्षी त्याच असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक घाट उतरतानाची. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, ओटा, फ्रिज, बॅटऱ्या आणि पाण्याची टाकी बसवली, की ती गाडी कायमची भरलेली गाडी होते. मोटारीची सवय असलेला माणूस मात्र ती मोटारीसारखीच हाकतो. पाचगणी सोडून पसरणी घाटात शिरतो आणि वाई येईपर्यंत ब्रेकवरचा पाय काढत नाही. बारा-तेरा किलोमीटरमध्ये सुमारे साडेपाचशे मीटर खाली यायचे असते आणि इंजिनाला धरून, म्हणजे खालच्या गिअरमध्ये, न उतरल्यास तेवढ्या उताराची सगळी उष्णता ब्रेकचे लायनर (घासणारे अस्तर) आणि ते ज्यावर घासते त्या चाकातील ड्रममध्ये साठत जाते.

मे महिन्यात एकदा अशाच एका कुटुंबाने मला घाटाच्या पायथ्याशी बोलावून घेतले. मी पोहोचलो तेव्हा मागच्या चाकांतून जळक्या लायनरचा वास येत होता, पेडल दाबले की थेट तळाला टेकत होते आणि ते गृहस्थ पिण्याच्या बाटलीतील गार पाणी तापलेल्या ड्रमवर ओतत होते. पाणी पडताच वाफ उठत होती आणि ड्रम थंड होत असल्याचे त्यांना समाधान वाटत होते. चाक उघडल्यावर मात्र असा एकदम गार केलेल्या एका ड्रमला बारीक चीर गेलेली दिसली. ब्रेक ऑइल काळपट पडले होते. ते कधी बदलले होते, हे कोणालाच सांगता आले नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 3 प्रतीचे नवे ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरल्यावर ही मर्यादा 140 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ते उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागते. भरीस भर म्हणून त्यांनी पाचगणीतच पाण्याची टाकी काठोकाठ भरून घेतली होती. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि तेच पाणी खाली वाईतही मिळाले असते.

ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम मी मनापासून मानतो. ब्रेक सतत घासत ठेवण्याऐवजी वळणाआधी नेटाने दाबावा आणि पूर्ण सोडावा. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणाऱ्यांविषयी मला जराही सहानुभूती नाही. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत संपते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. वास आलाच तर सपाट जागा पाहून थांबावे, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून ठेवू नये आणि चाके आपोआप निवेपर्यंत बसून राहावे. एवढा धीर ज्यांच्याजवळ नाही, त्यांनी कॅरॅव्हॅन घेऊन घाटात येऊ नये.

दुसरी चूक मुक्कामाच्या जागेची. कराडच्या खाली कृष्णाकाठची काळी माती परतीच्या पावसानंतर वरून वाळलेली दिसते आणि आत लोण्यासारखी मऊ असते. संध्याकाळी हौसेने उसाच्या कडेला लावलेली गाडी सकाळी आसापर्यंत रुतलेली असते आणि मग ट्रॅक्टरवाल्याची विनवणी करावी लागते. मी आधी खाली उतरून जागेवर फिरतो आणि टाच जोर देऊन रोवतो; टाच आत गेली, तर मुरमाची जागा मिळेपर्यंत पुढे जातो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या वारा आहे म्हणूनच उभ्या आहेत, तेव्हा तेथे बाजूचे कापडी छत उघडे ठेवून झोपू नये.

गॅसच्या बाबतीत मी कोणाचेही ऐकून घेत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली की तो जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी. सोय म्हणून ती पत्र्याने बंद करून आणलेली गाडी मी जाळी मोकळी केल्याशिवाय परत देत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात थंडीत दवबिंदू गोठतात. अशा रात्री खिडक्या लावून आत शेगडी पेटती ठेवणे जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

बॅटरीचे गणित साधे आहे. 1800 वॉटची इंडक्शन शेगडी 12 व्होल्टच्या बॅटरीतून किमान 150 अँपिअर ओढते. 100 अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यायची नसते, म्हणजे कागदावर वीस मिनिटे आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. चहासाठी एवढा खटाटोप करू नये.

गाडीची उंची डॅशबोर्डवर लिहून ठेवावी, कारण जुन्या रस्त्यांवरील वडाच्या फांद्या छतावरचे सोलर पॅनेल उखडतात. मोबाइलने दाखवलेला जवळचा रस्ता गावातून जात असेल, तर लांबचा घ्यावा. आपल्याच व्हॅनची कॅरॅव्हॅन करून घेणाऱ्यांनी पत्रा कापण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या नोंदीतील तपशिलाशी विसंगत बदल मालकाला मनाने करता येत नाहीत.

शौचालयाची टाकी ओढ्यात किंवा नदीत रिकामी करणाऱ्यांचे काम मी घेत नाही. निघण्यापूर्वीच मुक्कामाच्या हॉटेलात किंवा पेट्रोल पंपावर फोन करून त्यांच्या शौचालयात ती रिकामी करू देतील का, हे विचारून ठेवावे.