सशाच्या रस्स्याची चव गावरान कोंबड्यात: काळा रस्सा घरी कसा करावा

थंडी पडली की दिंडोरी, सिन्नर, पेठकडच्या गावांत जुनी माणसं सशाच्या रस्स्याच्या आठवणी काढतात. ऐकणाऱ्या पोरांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि मग प्रश्न येतो, ससा धरायचा कसा? धरायचा नाही, हेच त्याचं उत्तर. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानसशाची शिकार गुन्हा ठरवली आहे. बंदूक लागतेच असं नाही. फासे लावणं, जाळं टाकणं, आमिष ठेवणं, हाकारा घालून पळवणं हेसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकारच. त्याचं मांस घरात सापडलं तरी गुन्हा होतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शेतावर कोणी फासे लावलेले दिसले तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

गव्हाची काढणी किंवा गवताची कापणी करताना सशाचं पिल्लू सापडलं तर उचलून घरी आणू नका. रानससा बीळ करत नाही, गवतात दबून बसतो. पिल्लू अंगावर केस घेऊन आणि डोळे उघडे ठेवूनच जन्मतं. आई दिवसभर लांब राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. पिल्लू एकटं दिसलं म्हणजे ते अनाथ असतं असं नाही. तेवढा तुकडा सोडून पुढे कापा.

आता रस्सा. माझं ठाम मत आहे की लोकांच्या जिभेवर राहिलेली चव निम्म्याहून जास्त वाटणाची आणि मंद आचेची असते. सशाचं मांस गडद, कमी चरबीचं आणि शिजायला वेळ घेणारं. वर्षभराचा, उकिरड्यावर आणि वावरात फिरून वाढलेला गावरान कोंबडा त्याच गुणाचा. ब्रॉयलर इथे चालत नाही, मसाला मुरायच्या आतच त्याचा लगदा होतो.

साफ केलेला किलोभर कोंबडा घ्या. पिसं काढल्यावर जाळावर भाजून घेतलेला मिळाला तर उत्तम, त्या भाजण्याचा वास रस्स्यात उतरतो. मध्यम तुकडे करा, हळद-मीठ चोळा आणि अर्धा तास ठेवा. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट भाजीला वापरू नका.

तोवर वाटणाकडे वळा, सगळा जीव इथे ओता. चार मध्यम कांदे सालासकट थेट जाळावर ठेवा. चूल असेल तर निखाऱ्यात. साल काळी पडून कांदा दाबल्यावर मऊ लागला की जाळावरून काढा आणि जळकी साल सोला. लासलगावच्या जिल्ह्यात कांद्याची काटकसर करायची नाही. मग सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी चिमट्यात धरून जाळावर फिरवा. कड पेट घेते, फुंकून विझवा, परत धरा. तेल सुटून खमंग वास आला आणि दोन्ही बाजू काळपट झाल्या की थांबा. पार कोळसा झालेला भाग सुरीने खरवडून टाका, नाहीतर रस्सा कडू होतो. कोरड्या तव्यावर दोन चमचे धने आणि एकेक चमचा तीळ व खसखस भाजा. हे सगळं, सोललेला एक गड्डा लसूण, दोन इंच आलं आणि मूठभर कोथिंबीर पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटा. वाटण भरड राहिलं तर रस्सा मिळून येत नाही, पाणी वेगळं आणि चोथा वेगळा होतो.

पातेल्यात चमचाभर तेलावर थोडा ठेचलेला लसूण परता, तुकडे टाका आणि पांढरे होईपर्यंत हलवा. तुकडे बुडून वर चार बोटं येईल इतकं गरम पाणी घाला. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर तासभर शिजवा. कोंबडा जून असेल तर जास्त वेळ लागेल. कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या पुरतात, पण वेळ असेल तर पातेलंच बरं. मांस हाडापासून सुटायला लागलं की झालं. हे शिजवणीचं पाणी म्हणजे अळणी, वाटीभर काढून लहान मुलांना आधी द्या.

दुसऱ्या पातेल्यात शेंगदाण्याचं तेल जरा सढळ हाताने, पाच-सहा चमचे तापवा. वाटण घाला आणि मंद आचेवर परतत राहा. पंधरा-वीस मिनिटं लागतात, घाई केली तर कच्चा लसूण जिभेला लागतो. कडेने तेल सुटलं की तीन चमचे घरचा काळा मसाला आणि आवडीप्रमाणे तिखट घालून मिनिटभर हलवा. मग तुकडे आणि भातापुरतं बाजूला ठेवून बाकीचं अळणी ओता. पाणी वाढवायचं असेल तर उकळतंच घाला, गार पाण्याने तर्री बसते. मीठ बघा, दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या, आच बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा.

बाजरीची गरम भाकरी, कच्चा कांदा आणि लिंबू पुरे. भात शेवटी, अळणीत कालवून. रस्सा उरला तर गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खळखळून उकळा. तोवर मसाला हाडापर्यंत मुरलेला असतो. त्यात शिळी भाकरी कुस्करून खा.