निघोजच्या रांजणखळग्यांना निघण्याआधी

यादीतली पहिली वस्तू फोन, आणि तीही फोटोसाठी नाही. शुक्रवारी संध्याकाळी निघोज किंवा टाकळी हाजीतल्या ओळखीच्या माणसाला, तसं कोणी नसेल तर ओळखीच्याच्या ओळखीच्याला, एवढंच विचारायचं: "नदीला पाणी सोडलंय का?" हे रांजणासारखे खोल खळगे कुकडी नदीच्या खडकाळ पात्रातच आहेत आणि तिच्यावर वरच्या अंगाला माणिकडोह आणि येडगाव ही धरणं आहेत. पावसाळ्यात ती भरली की विसर्ग सुरू होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण उन्हाळ्यातही खालचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे भरायला नदीत पाणी सोडतात, हे पुण्यातून जाणाऱ्यांच्या गावीही नसतं. आभाळ कोरडं ठणठणीत आणि नदी मात्र चढत असते. "आवर्तन चालू आहे," म्हणजे पाणी सोडण्याची पाळी चालू आहे, असं उत्तर आलं तर निमूटपणे बेत पुढे ढकला. पावसाळ्यात तर जाऊच नका. निम्मे खळगे पाण्याखाली असतात आणि उरलेल्यांच्या कडेला उभं राहणं शहाणपणाचं नसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. चैत्रात इथल्या मळगंगा देवीची यात्रा असते. माणसांचे फोटो हवे असतील तर तेव्हा जा, दगडांचे हवे असतील तर नको.

पुण्याहून अंतर ९० किलोमीटरच्या आसपास. नगर रस्त्याने वाघोली, रांजणगाव, शिरूर आणि तिथून आत. डिसेंबरात सूर्य ७ च्या सुमाराला उगवतो, म्हणजे कोवळं ऊन गाठायचं तर साडेचारला घर सोडायला हवं. हे तुमच्याने होणार नाही असं वाटत असेल (माझ्याने दर दोन वेळांत एकदा होतं), तर शनिवारी दुपारीच निघून मोराची चिंचोलीत कृषी पर्यटनवाल्यांकडे मुक्काम करा. एसटीने जायचं तर शिरूरला उतरून पुढची गाडी बघावी लागते. पहाटेचं ऊन विसरा, संध्याकाळचं धरा. गाडीत पेट्रोल शिरूरलाच भरून घ्या, नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवा.

बुटांवर कंजूषी नको. पुण्यातल्या ट्रेकवाल्यांच्या पायात दिसणारे ॲक्शनचे बूट इथेही चालतात, कारण कोरड्या बेसॉल्टवर त्यांची पकड चांगली आहे. ओल्या शेवाळावर मात्र कुठलाच बूट पकडत नाही, मग तो १,२०० चा असो की १२,००० चा. चालणं म्हणाल तर फार नाही, चढ तर जवळपास नाहीच. पण सपाट वाटणाऱ्या त्या खडकाला जागोजागी तोंडं आहेत आणि डोळा व्ह्यूफाइंडरला लावून माणूस एक पाऊल मागे सरकतो तेव्हा घात होतो. फ्रेम बदलायची असेल तर आधी डोळा काढा, मग पाय हलवा. पोहायचे कपडे यादीतून काढून टाका. खळग्याच्या भिंती घोटून इतक्या गुळगुळीत झालेल्या असतात की आत गेलेल्याच्या हाताला धरायला खाच सापडत नाही. १० मीटर दोर आणि ५ लिटरचा रिकामा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा कॅन मात्र घ्या. दोराच्या टोकाला कॅन बांधला की फेकता येतो, तरंगतो, बुडणाऱ्याला धरता येतो. त्याची गरज मला आजवर पडलेली नाही. स्टेपनीचीही रोज पडत नाही. ११२ हा नंबर सगळ्यांना पाठ हवा, आणि आपण कुठे आहोत ते सांगता यायला हवं: एका काठाला पुणे जिल्हा, दुसऱ्या काठाला अहिल्यानगर.

आता कॅमेरा. एक रुंद लेन्स पुरते. किटबरोबर आलेली १८-५५ सुद्धा चालेल. फुलं, पक्षी, देवळाचा कळस असं सगळंच टिपायचं म्हणून तीन लेन्स घेऊन जाणारा माणूस त्या धुळीत लेन्स बदलत बसतो आणि घरी येऊन सेन्सरवरचे डाग मोजतो. पोलरायझर हवाच. ओल्या काळ्या दगडावरची चमक त्याने कापली की खाली दगडाचा खरा पोत दिसतो. पाणी दुधासारखं हवं असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळी काच; तिने शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. पण अर्धा सेकंद पुरे, ३० सेकंदांत पाण्याचं धुकं होतं आणि नदी कुठली ते कळेनासं होतं. कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर विसंबू नका. काळा दगड तो राखाडी करून टाकतो आणि फेसाचा पांढरा भाग जाळतो, म्हणून एक स्टॉप खाली या, म्हणजे उजेड निम्मा करा, आणि फोटो रॉमध्येच, कॅमेऱ्याने न आवळलेल्या फाइलमध्येच काढा. भर दुपारचं ऊन एरवी टाकाऊ, पण खोल खळग्याच्या तळापर्यंत तेच पोचतं, तेव्हा १२ ला जेवायला बसू नका.

ट्रायपॉड घेतलात ना? आणि त्यावर कॅमेरा बसवायची प्लेट? एकदा मी साडेतीन किलोचा ट्रायपॉड नदीपर्यंत वाहून नेला आणि प्लेट घरी टेबलावर, दुसऱ्या कॅमेऱ्याला चिकटलेली. शिरूरला खायला म्हणून किलोभर शेंगदाणे घेतले होते. ती पिशवी दगडावर ठेवली, तिच्यात कॅमेरा दाबून बसवला, टायमर लावला. झकास जमलं. फक्त सोबतचे पिशवीतून मुठी भरत राहिले आणि शेवटच्या दहा फोटोंत कुकडी डावीकडे कलंडलेली आहे.

खाण्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, संत्री. पाणी माणशी ३ लिटर. तो दगड १० वाजल्यापासून तापायला लागतो आणि सावली देवळाशीच. टोपी, क्रेप बँडेज, लिंबू-मीठ-साखरेची पुडी, जुन्या धोतराचा मऊ तुकडा लेन्ससाठी. संत्र्याच्या सालींना एक पिशवी. देवळात चपला बाहेर आणि गाभाऱ्याचा फोटो विचारून.

एवढं सगळं झालं की एखाद्या कोरड्या, उथळ खळग्याशी बसा आणि तळात हात घाला. तांब्याएवढा खळगाही चालेल. वापरून झिजलेल्या साबणवडीसारखे गोटे हाताला लागतात. पुराच्या भोवऱ्यात हेच गरगर फिरत राहिले आणि त्यांनी खडकाला रांजण पाडले, स्वतःही झिजत गेले. त्यांचा फोटो काढा आणि ते तिथेच ठेवा. बॅगेत जागा असली तरी.

रविवारी चारच्या आत परत फिरा. सूर्यास्ताचा मोह झालाच तर शेंगदाणे थोडे राखून ठेवा, वाघोलीच्या रांगेत लागतात.