पॉलिसीतले कुटुंब आणि घरातले कुटुंब : आरोग्य व दंत विमा घेताना या चुका टाळा

‘घरात किती माणसं?’ असे कोणी विचारले की आपल्याकडे आई-वडील, धाकटा भाऊ, शिकायला राहिलेला भाचा, माहेरी परतलेली बहीण अशी सगळ्यांची मोजदाद होते, आणि शिधापत्रिकाही बहुधा तेच सांगते. विमा कंपनीची फॅमिली फ्लोटर पॉलिसी, म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम देणारी पॉलिसी, मात्र ही मोजदाद मानत नाही. ‘कुटुंब’ म्हणजे कोण याची व्याख्या पॉलिसीतच दिलेली असते, आणि त्या व्याख्येत जो बसत नाही तो एकाच चुलीवर जेवत असला तरी त्या करारापुरता परका ठरतो. दावा नाकारला गेला की चर्चा बहुतेक वेळा आजार लपवला होता की नाही याभोवती फिरते. मात्र त्याच्या आधीची, पात्रतेची पायरी नीट पाहिली होती का, हे फारसे कोणी विचारत नाही.

व्याख्या न वाचता नावे भरणे

कुटुंबाची व्याख्या कशी असते हे पाहायचे असेल तर ‘आरोग्य संजीवनी’ ही पॉलिसी नमुना म्हणून हाताशी घ्यावी. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आपण ज्याला ‘इर्डा’ म्हणतो त्याने, १ एप्रिल २०२० पासून आणलेली ही प्रमाणित पॉलिसी असून तिच्या अटी सर्व कंपन्यांकडे सारख्याच असतात. तिच्यात कुटुंब म्हणजे स्वतः विमाधारक, कायदेशीर विवाह झालेला पती किंवा पत्नी, आई-वडील, सासू-सासरे आणि ३ महिने ते २५ वर्षे वयाची अवलंबून असलेली, पोटची किंवा कायदेशीर दत्तक मुले. या यादीत भाऊ-बहीण नाहीत, आजी-आजोबा नाहीत, पुतणे-भाचेही नाहीत. इतर काही पॉलिसी अवलंबून असलेल्या भावंडांना सामावून घेतात, काही फक्त पती-पत्नी आणि मुलांपुरत्याच मर्यादित असतात. त्यामुळे शेजाऱ्याच्या पॉलिसीत त्याची बहीण आहे म्हणजे आपल्याही पॉलिसीत ती बसेल, हा अंदाज धरू नये.

मुलांच्या बाबतीत ‘कायदेशीर दत्तक’ हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. भावाच्या मागे त्याच्या मुलाला लहानाचे मोठे करणारी, शाळेच्या दाखल्यावरही स्वतःचे नाव लावणारी माणसे आपल्याकडे आहेत. त्यांच्या दृष्टीने तो मुलगाच असतो, पण नोंदणीकृत दत्तकपत्र किंवा दत्तकविधानाचा आदेश नसेल तर कंपनीच्या दृष्टीने तो पुतण्याच राहतो. अशा वेळी प्रस्तावपत्रात, म्हणजे विम्यासाठी भरायच्या अर्जात, नात्यापुढे ‘मुलगा’ असे लिहून मोकळे होणे हा सर्वांत घातक उपाय आहे, कारण ती चुकीची माहिती ठरते आणि नेमकी दाव्याच्या वेळी ती उघडी पडते. त्या मुलासाठी, पालकाच्या संमतीने आणि खरे नाते लिहून, वेगळी वैयक्तिक पॉलिसी मिळते का हे विचारावे.

पत्नीच्या नावाचा घोळ हा आपल्याकडचा खास प्रकार म्हणावा लागेल. लग्नात केवळ आडनावच नव्हे तर पाळण्यातले नावही बदलण्याची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. परिणामी आधारवर माहेरचे नाव, पॅनवर सासरचे आणि पॉलिसीवर घरात हाक मारतात ते, अशी तीन नावे एकाच बाईची असतात. रुग्णालयाच्या कॅशलेस खिडकीवर ओळख पटवताना हाच घोळ आडवा येतो. पॉलिसी घेण्यापूर्वी विवाह नोंदणीचा दाखला काढून सर्व कागदांवर एकच नाव करून घ्यावे, आणि पॉलिसी आधीच हातात असेल तर कंपनीकडे अर्ज करून नावाची दुरुस्ती करून घ्यावी.

पंचविशी ओलांडलेली मुले

मुलगी पुण्यात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करते आहे, कमाई शून्य आहे, खोलीचे भाडे वडीलच पाठवतात. तिच्या आई-वडिलांना ती अवलंबून वाटते आणि ती आहेही. पण पॉलिसीत वयाची मर्यादा २५ असेल तर सव्विसाव्या वर्षी बेकारीचे कारण तिला वाचवत नाही. उलट दिशेनेही हेच लागू होते : आरोग्य संजीवनीत १८ वर्षांवरील अपत्य स्वतः कमवू लागले की २५ पूर्ण होण्याआधीच, पुढच्या नूतनीकरणापासून, ते अपात्र ठरते. पहिली नोकरी लागल्याचे पेढे वाटताना ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही, हे मीही समजू शकतो.

येथे होणारी खरी चूक म्हणजे मुलाचे नाव गळले आणि मग दोन वर्षांनी सवडीने त्याची नवी पॉलिसी काढली. फ्लोटरमध्ये त्याने जी वर्षे काढली, त्यांतून आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही तो, मोजला गेलेला असतो. खंड न पाडता त्याच कंपनीत स्वतंत्र पॉलिसीत गेल्यास ती वर्षे त्याच्या खात्यावर राहतात, आणि खंड पडला की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. म्हणून नूतनीकरणाच्या किमान दीड महिना आधी कंपनीला लेखी कळवावे. कंपनी बदलायची असेल तरीही, म्हणजे पोर्टिंग करायचे असेल तरी, हीच सवड ठेवावी.

आई-वडिलांना त्याच फ्लोटरमध्ये घालणे

नियमानुसार हे चालते, परंतु माझ्या मते बहुतेक घरांसाठी हा निर्णय चुकीचा असतो. फ्लोटरचा हप्ता साधारणपणे त्यातील सर्वांत वयस्क व्यक्तीच्या वयावरून ठरतो, त्यामुळे ६८ वर्षांच्या वडिलांचे नाव घातले की तिशीतल्या सुनेचा आणि चार वर्षांच्या नातीचा हप्ताही त्या वयाच्या हिशेबात ओढला जातो. शिवाय विमा रक्कम सर्वांत मिळून एकच असते. वडिलांच्या बायपासला १० लाखांतले ७ लाख गेले की वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत बाकीच्यांसाठी ३ लाखच शिल्लक राहतात, संपलेली रक्कम पुन्हा भरून देण्याची, म्हणजे पुनर्भरणाची, सोय असलीच तर तिच्या अटी वेगळ्या. आई-वडिलांसाठी स्वतंत्र पॉलिसी घ्यावी. तुम्ही स्वतः त्या पॉलिसीत नसलात तरी प्रस्तावक म्हणून हप्ता भरू शकता, आणि परदेशी राहणारी पुष्कळ मराठी मुले गावाकडच्या आई-वडिलांसाठी तेच करतात.

पासष्टी ओलांडली की विमा मिळतच नाही, हा समज आता सोडून द्यावा. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार कंपन्यांनी सर्व वयोगटांसाठी पॉलिसी उपलब्ध ठेवणे अपेक्षित आहे. एखाद्या विशिष्ट पॉलिसीची वयोमर्यादा आणि वैद्यकीय तपासणीनंतरचा निर्णय मात्र कंपनीचा असतो. ७० वर्षे व त्यावरील व्यक्तींना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेतून उत्पन्नाची अट न लावता ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते, आणि खासगी पॉलिसी असल्यामुळे ते नाकारले जात नाही.

सासू-सासऱ्यांबाबत एक गफलत होते. पॉलिसीच्या व्याख्येत ते कुटुंब असले तरी प्राप्तिकराच्या हिशेबात नसतात. जुन्या करप्रणालीत आरोग्य विम्याच्या हप्त्यावर मिळणारी वजावट स्वतः, जोडीदार आणि अवलंबून मुले यांच्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत, आणि आई-वडिलांसाठी वेगळी २५,००० किंवा ते ज्येष्ठ नागरिक असल्यास ५०,००० रुपयांपर्यंत असते. सासू-सासऱ्यांच्या हप्त्याला ती लागू होत नाही. तेथे मुलीने स्वतःच्या उत्पन्नातून आपल्या आई-वडिलांचा हप्ता, तोही रोख न देता, भरणे हाच सरळ मार्ग आहे.

‘तंबाखू नाही’ असे लिहिणे

व्याख्येत नाव बसले म्हणजे पात्रता पूर्ण झाली असे नाही, कारण प्रस्तावपत्रातील आरोग्यविषयक उत्तरांवरच कंपनी होकार देते. आमच्या भागात हे पत्र बहुधा एजंटच्या मोबाइलवर भरले जाते आणि घरच्यांचा सहभाग ओटीपी सांगण्यापुरताच असतो. ‘तंबाखूचे सेवन?’ या रकान्यात ‘नाही’ पडते, कारण सकाळी मिश्री लावणाऱ्या आईला तो तंबाखू वाटतच नाही. रक्तदाबाची गोळी ‘अर्धीच तर घेतो’ म्हणून राहून जाते. मधुमेह ‘पथ्यावर आहे’ म्हणून लिहिला जात नाही. पुढे तोंडाच्या कर्करोगाचा दावा आला की डॉक्टरांच्या नोंदीत मिश्रीचा उल्लेख वर्षांनिशी सापडतो.

सध्याच्या नियमांत आधीपासूनचा आजार म्हणजे पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला किंवा ज्यावर उपचार झाले वा सुचवले गेले तो आजार, आणि त्यासाठीचा प्रतीक्षा कालावधीही ३६ महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे खरे सांगितल्याची किंमत जास्तीत जास्त तीन वर्षांची वाट किंवा थोडा वाढीव हप्ता, क्वचित नकार. ६० महिने सलग पॉलिसी चालू राहिल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक सोडल्यास, माहिती दिली नाही या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. पण तोवरची पाच वर्षे टांगत्या तलवारीखाली काढावी लागतात. पॉलिसीसोबत भरलेल्या प्रस्तावपत्राची प्रत येते, ती त्याच संध्याकाळी वाचावी. चूक सापडली तर लगेच ईमेलने दुरुस्ती कळवावी, आणि कंपनीचे उत्तर पटले नाही तर ३० दिवसांच्या मुदतीत पॉलिसी परत करता येते.

नवी सून आणि नवजात बाळ यांची नावे वर्षाच्या मध्येही घालता येतात, मात्र त्यासाठी ठरलेले दिवस असतात. ते चुकले की पुढच्या नूतनीकरणाची वाट पाहावी लागते. त्यांचा प्रतीक्षा कालावधी त्यांच्या प्रवेशाच्या दिवसापासून मोजला जातो, कुटुंबाची पॉलिसी कितीही जुनी असो.

दातांचा खर्च आरोग्य विम्यात धरणे

आरोग्य विमा सारे शरीर पाहतो, पण हिरड्यांपाशी येऊन थबकतो. दाढ किडली, दंतवैद्याच्या खुर्चीवर बसून तीन खेपांत रूट कॅनाल झाले, वर टोपी बसली, हा सगळा बाह्यरुग्ण (ओपीडी) उपचार आहे, म्हणजे दाखल न होता घेतलेला. मूळ पॉलिसी मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याचा किंवा डे-केअर, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात अशा, शस्त्रक्रियेचा खर्च देते. कुटुंबातील सर्व जण पात्र असूनही दाताचे बिल परत येते ते यामुळे.

पॉलिसीतील शब्द येथे अक्षरशः वाचावे लागतात. काही पॉलिसींत दातांचे उपचार ‘अपघातामुळे आवश्यक झाल्यास’ एवढेच मान्य असतात : दुचाकीवरून पडून जबडा आणि समोरचे दात मोडले तर खर्च मिळेल, जबड्यात गळू होऊन शस्त्रक्रिया करावी लागली तर वाद होईल. आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसीत ‘आजार किंवा इजेमुळे आवश्यक झाल्यास’ असे शब्द आहेत, म्हणजे गळूची शस्त्रक्रियाही बसू शकते, पण तीसुद्धा दाखल होऊन किंवा डे-केअर म्हणून झालेली असावी. तोंडाचा कर्करोग हा मात्र दंतोपचार नव्हे. तो कर्करोगच आहे, आणि बिलावर दंतशल्यचिकित्सकाचे नाव दिसल्यामुळे कोणी तो दातांच्या कलमात ढकलू लागले तर बायोप्सीचा अहवाल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र जोडून हरकत घ्यावी.

नेहमीच्या दंतोपचारांसाठी ओपीडीचे जोडकलम, म्हणजे जादा हप्ता देऊन मूळ पॉलिसीला जोडलेले संरक्षण, घ्यावे लागते, किंवा नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक विम्यात ती सोय आहे का ते पाहावे लागते. जोडकलम घेण्यापूर्वी त्याची वार्षिक मर्यादा आणि त्यासाठी द्यावा लागणारा जादा हप्ता शेजारी लिहून वजाबाकी करावी. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे निघाले तर ते पैसे बाजूला ठेवून थेट दंतवैद्याला दिलेले बरे. दिसण्यासाठी लावलेल्या तारा, दात पांढरे करणे आणि बहुतेक ठिकाणी इम्प्लांट यांना जोडकलमही पैसे देत नाही. मुलीच्या तारांसाठी म्हणून विमा काढायला निघालेल्यांनी हे आधी विचारावे.

अपात्र म्हणून दावा नाकारला गेला तर

फोनवरच्या ‘तुमचं बसत नाही’ या उत्तरावर थांबू नये. नकार लेखी आणि पॉलिसीच्या नेमक्या कलमासह मागावा. इर्डाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मान्यतेशिवाय दावा नाकारता येत नाही, त्यामुळे ती मान्यता झाली होती का, हेही विचारावे. ते कलम आणि तुमच्या पॉलिसीतील कुटुंबाची व्याख्या शेजारी ठेवून वाचली की पुष्कळदा असे दिसते की वाद नात्याचा नसून कागदाचा आहे, म्हणजे विवाहाचा दाखला, जन्मदाखला किंवा अवलंबून असल्याचा पुरावा पोहोचलेला नाही.

कागद देऊनही निर्णय बदलला नाही, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि इर्डाच्या ‘बिमा भरोसा’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत, गोव्यातील तक्रारी पुण्याला जातात. तेथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे ऐकली जातात, आणि कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.