प्रकल्पासाठी शोधताना ‘सोलापूर’ पुरेसं नाही

सोलापूरच्या हातमागावर किंवा जुन्या पेठांवर प्रकल्प करताय? मग आधी मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर ‘सोलापूर’ नोंद वाचा आणि त्यातली विशेषनामं, सालं वहीत उतरवा. पुढचा शोध त्यांच्यावरच चालतो.

आता खरी अडचण. इंग्रजांच्या काळात गावाचं नाव इंग्रजीत ‘शोलापूर’ असं लिहीत. आजच्या स्पेलिंगनं शोधलं की जुने दस्तऐवज निसटतात, म्हणून ‘एस’नंतर ‘एच’ घालून पुन्हा शोधा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे जिल्ह्यांची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथमालेचा, विसावा खंड (1884) याच जिल्ह्याचा आहे आणि तो इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतो. तिथे पुस्तकाच्या आतला मजकूर शोधण्याचा पर्याय निवडा, नाहीतर फक्त शीर्षकं तपासली जातात. सोलापुरातला 1930 चा मार्शल लॉ (लष्करी अंमल) मात्र त्यात सापडणार नाही, खंडच आधीचा!

स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकांत शब्दशोध बरेचदा फसतो, कारण जोडाक्षरं चुकीची वाचली जातात. तिथे सरळ अनुक्रमणिका उघडा.

पाठ्यपुस्तक हवं असेल तर ई-बालभारतीवरून पीडीएफ घ्या. विकिपीडियावरून उतरवू नका, लेखाखालचे संदर्भ उघडा.