नव्या पुस्तकासाठी ऑफिसात फोटोस्पर्धा घेताना

ऑफिसातल्या फोटोस्पर्धेत मुखपृष्ठ शंभरदा झळकतं आणि पुस्तक मात्र कुणी उघडत नाही. नवख्यांच्या हातून हे हमखास होतं, कारण विषयच असतो ‘पुस्तकासोबत सेल्फी’. त्यापेक्षा पान उलटल्याशिवाय फोटो सुचूच नये असा विषय द्या. कथासंग्रह असेल तर ‘एका पात्राच्या हातात शोभेल अशी वस्तू’, प्रवासवर्णन असेल तर ‘त्यातली एक जागा आपल्या टेबलावर उभी करा’. फोटोखाली पान क्रमांक आणि त्या पानावरचं एक वाक्य सक्तीचं ठेवा. एवढ्या एका अटीने निम्मं काम होतं.

घोषणेआधी एचआर आणि कंपनीचं सोशल मीडिया खातं सांभाळणाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. फोटोत मागचा स्क्रीन, व्हाइटबोर्ड, गळ्यातलं ओळखपत्र, ग्राहकाची कागदपत्रं नकळत येतात आणि तशा एका फोटोपायी अख्खी स्पर्धा गुंडाळावी लागू शकते. म्हणून कँटीन, गच्ची, रिसेप्शन अशा जागा आधीच ठरवून द्या.

दोनशे माणसांच्या ऑफिसात दहा-बारा प्रती या जागांवर ठेवा. प्रत्येकीत विषय, हॅशटॅग (स्पर्धकाने आपल्या इन्स्टाग्राम-फेसबुकवरच्या फोटोखाली लावायचा # खुणेचा शब्द) आणि शेवटची तारीख लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

हॅशटॅगमध्ये मोकळी जागा किंवा आडवी रेघ आली की तो तिथेच तुटतो, अंडरस्कोर चालतो. तो आधी शोधून पाहा, दुसऱ्याच कुणाचा निघायला नको. खातं प्रायव्हेट असेल तर हॅशटॅग लावूनही तो फोटो तुम्हाला सापडणार नाही आणि स्टोरी 24 तासांत जाते. त्यामुळे फोटो फॉर्मवरही मागवा. त्याच फॉर्मवर ‘हा फोटो प्रसिद्धीसाठी वापरायला माझी हरकत नाही’ अशी चौकट ठेवा. फोटोत दुसरं कुणी असेल तर त्याचीही संमती लागेल. ‘टाइमलाइनवर शेअर करा’ किंवा ‘मित्रांना टॅग करा’ ही प्रवेशाची अट फेसबुकला चालत नाही. स्पर्धेशी इन्स्टाग्रामचा संबंध नाही, हेही नियमांत लिहावं लागतं.

पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो काही फोनांत आरशासारखा उलटा सेव्ह होतो आणि पुस्तकाचं नाव वाचताच येत नाही. मागचा कॅमेरा वापरायला सांगा. चकचकीत मुखपृष्ठावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा नेमका नावावर पडतो; खिडकीशी उभं राहून पुस्तक किंचित खाली झुकवलं की तो जातो.

दहा कामाचे दिवस पुरतात. सुरुवातीला कुणी पुढे येत नाही, म्हणून चार-पाच जणांचे फोटो आधीच तयार ठेवा. त्यांना बक्षिसातून वगळा आणि तसं जाहीर करा. निकाल लाइक्सवर लावू नका, मोठा विभागच जिंकतो आणि बाकीचे पुढच्या वेळी फिरकत नाहीत. तीन परीक्षक नेमा, एक बाहेरचा.

बक्षीस लेखकाच्या हस्ते द्या आणि त्याच दिवशी शेजारच्या टेबलावर विक्रीच्या प्रती, सुटे पैसे आणि क्यूआर कोड तयार ठेवा. फोटो पाहून ज्यांना पुस्तक हवंसं वाटलं, ते तिथेच विचारतात.