नाक मुरडणाऱ्या मुलाला जेवायला कसं शिकवावं

लहानपणी मी भाजीचा घास गालात धरून बसायची. शिजलेल्या वांग्याचा तो बुळबुळीतपणा सोसायचाच नाही. "संपवल्याशिवाय उठायचं नाही" म्हणत एकदा मला दिवेलागणीपर्यंत ताटासमोर बसवून ठेवलं. वांगं आजही माझ्या घशाखाली उतरत नाही. त्यामुळे माझी मुलगी तीन वर्षांची असताना नुसत्या वरणभातावर अडून बसली, तेव्हा एवढं पक्कं ठरवलं की तिच्यावर जबरदस्ती करायची नाही.

वर्ष उलटलं की मुलांच्या वाढीचा वेग मंदावतो, भूकही कमी होते. साधारण २ ते ६ वर्षांच्या वयात अनोळखी पदार्थाची धास्ती वाटते. कडू चवही मुलांना आपल्यापेक्षा जास्त जाणवते, म्हणून मेथी बघून तोंड वाकडं केलं की लगेच हट्टी ठरवू नका.

१. आधी भूक लागू द्या. तीन जेवणं, मध्ये दोनदा थोडं खाणं, बाकी वेळ फक्त पाणी. बिस्किटाचा पुडा हाताशी ठेवू नका. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. जास्त दुधाने पोट भरतं आणि शरीराला लोह कमी पडतं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की दुपारी मूल जेवत नाही. त्या दिवसांत मुख्य जेवण सकाळी लवकर आणि रात्री द्या.

२. कामं वाटून घ्या. काय, कधी आणि कुठे वाढायचं ते तुम्ही ठरवा. खायचं की नाही आणि किती, ते मुलाला ठरवू द्या. मला सगळ्यात अवघड हेच गेलं. तोंडावर येणारं "एकच घास, बाळा" गिळून टाकावं लागतं. गोडाचं आमिषही नको, त्याने भाजी म्हणजे शिक्षा असं मुलाच्या मनात बसतं. घरातल्या आज्जींना हे शांतपणे समजावून सांगा. त्या मायेनेच भरवत असतात.

३. ओळखीच्या पदार्थाला नवा जोडा. ताटात मूल हमखास खातं असं काहीतरी असावंच. शेजारी नवा पदार्थ, शेंगदाण्याएवढा.

आमच्या घरी मार्ग सापडला तो कडक भाकरीतून. मुलीला ओलं, गिळगिळीत काही नको असायचं, पण कुरकुरीत चालायचं. ज्वारीची पातळ कडक भाकरी पापडासारखी मोडते. आधी तिने नुसता तुकडा चघळला. मग त्यावर साजूक तूप. मग शेंगाचटणी, तीही तिच्यासाठी वेगळी: भाजलेले शेंगदाणे, जिरं, मीठ आणि लसणाची एकच पाकळी, तिखट अजिबात नाही. खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत बारीक कुटायची. पुढे तीच भाकरी वरणात बुडवून मऊ झालेली चालू लागली. सगळ्याला चार महिने लागले. तुमच्या मुलाला काय रुचतं ते बघा, कुरकुरीत की मऊ, कोरडं की पातळ, आणि तिथूनच एकेक पाऊल पुढे टाका.

अख्खे शेंगदाणे मात्र पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नका, श्वासनलिकेत अडकू शकतात. कूट पहिल्यांदा देताना अगदी थोडं द्या आणि अंगावर गांधी, उलटी, सूज येते का ते पाहा.

४. नकार मोजू नका. काही मुलांना एखादा पदार्थ पंधरा वेळा समोर आल्यावर आवडू लागतो. हात लावला, वास घेतला, चाटून थुंकला, तरी ती प्रगतीच. न खाल्लेलं ताट एक शब्द न बोलता उचला.

५. डॉक्टरांना कधी दाखवावं? वजन वाढत नसेल किंवा घटत असेल, गिळताना सारखा ठसका लागत असेल, खाण्यातले पदार्थ दिवसेंदिवस कमीच होत असतील, किंवा जेवणाच्या नुसत्या कल्पनेने मूल घाबरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. "मोठं झालं की खाईल" म्हणत थांबू नका.

६. हात घालू द्या. पालेभाजी निवडणं, मटार सोलणं, पिठाचा गोळा मळणं यातलं काहीही. थंडीत शेतावर हुरड्याला नेता आलं तर जरूर न्या. पहिल्या वर्षी माझ्या लेकीने आगटीतून निघालेली कणसं तळहातावर फक्त चोळली आणि हिरवे दाणे सगळ्यांना वाटले. स्वतः एकही तोंडात टाकला नाही, आणि आम्हीही खा म्हणालो नाही. दुसऱ्या वर्षी वाटता वाटता दोन दाणे तिच्या तोंडात गेले. मग तिने मूठ पुढे केली.